मागचं वजन

१

रविवारी सकाळी टर्नरने मोटारसायकलवरचं कापड ओढून काढलं, तशी वर्षभराची धूळ भसकन त्याच्या नाकातोंडात गेली आणि तो कितीतरी वेळ शिंकत राहिला.

"अहो, झाकून ठेवली होती ना?" वरच्या गॅलरीतून बायकोने विचारलं.

"गाडीवर कापड झाकलं होतं. कापडावर काय झाकणार?"

ती हसली नाही, पण आतही गेली नाही. कठड्याला टेकून बघत राहिली.

टर्नर कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर काम करायचा. तिथले लोक त्याला टर्नर म्हणायचे, म्हणून शेजारीही टर्नरच म्हणायला लागले. बायको शाळेत गणित शिकवायची. तिला सगळा रस्ता 'बाई' म्हणायचा, आणि घरात तोही तिला बाईच म्हणायचा. दोघांना आपापली नावं फक्त सहीपुरती लागत. एकुलती एक मुलगी होती, तिचंही तसंच. लहानपणापासून ती सदानकदा स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत आणायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. वाढून बापाच्या खांद्याला लागली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, तरी ती मुंगीच राहिली.

गाडी मुंगीहून वयाने मोठी. आधी बालवाडी, मग शाळा, मग कॉलेज, मग ते चष्म्याचं दुकान. सगळी एकाच सरळ रस्त्यावर, एकापुढे एक, आणि शेवटी टर्नरचा कारखाना. मुंगीला सोडायचं आणि पुढे जायचं, हा त्याचा रोजचा क्रम. जागा बदलत गेली, क्रम बदलला नाही.

गेल्या वर्षी तिला ताप आला. औषधाने उतरला, परत चढला, आणि काय होतंय हे कोणाच्या नीट लक्षात यायच्या आत ती गेली. गाडीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तरी तिला पोचवून स्मशानातून परत आल्यावर टर्नरने पहिल्यांदा कुठली गोष्ट केली असेल तर गाडीवर कापड टाकलं.

आता कारखान्याने कामगारांची बस बंद केली होती. गाडी काढण्यावाचून इलाज नव्हता.

इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू झालं. पण मागचे शॉक गेले होते. डाव्या शॉकमधून तेल झिरपून चाकाच्या तारांवर काळे ओघळ वाळले होते. सीट दाबली की गाडी खाली जायची आणि तिथेच लोळत राहायची. टर्नरने नवी जोडी आणून ठेवली होती. गाडी मेन स्टँडवर घेतली, मागच्या चाकाखाली फळी सरकवली आणि डावीकडून सुरुवात केली. दोन्ही बाजू एकदम सोडायच्या नसतात. एका बाजूने चाकाला धरून ठेवावं लागतं.

वरचा नट गंजून घट्ट बसला होता. त्याने तेल सोडलं, थांबला, पुन्हा जोर केला. पाना सटकला आणि बोटांची सालटी निघाली. शेवटी नट सुटला. जुना शॉक हातात घेऊन त्याने जमिनीवर दाबून पाहिला. दांडी आत गेली ती बाहेर येईना.

"मेलाय," तो पुटपुटला आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

नव्याच्या रबराला साबणाचं पाणी लावलं तेव्हा वरचं टोक गपकन बसलं. खालचं भोक मात्र केसभर वर राहत होतं.

"बाई, जरा खाली येतेस? मागून दाबायचंय."

ती आली. वर्षभरात ती या गाडीच्या आसपास फिरकली नव्हती. तिने मागची लोखंडी कडी धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. सीटला मात्र हात लागू दिला नाही. ते टर्नरने बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.

दोन्ही बाजू बसल्यावर एकच काम उरलं. स्प्रिंगच्या खाली खाचांची एक कडी असते. चालवणारा एकटा असेल तर ती मऊ खाचेत ठेवायची, मागे कोणी बसणार असेल तर कडक. टर्नरने इतकी वर्षं ती दोघांच्या खाचेतच ठेवली होती. हुक पाना हातात घेऊन तो नुसता उकिडवा बसून राहिला. मग त्याने दोन्हीकडच्या कड्या फिरवून एकट्याच्या खाचेत आणल्या.

सीट दाबली. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. एकदम शहाण्यासारखी.

२

सोमवारी सकाळी तो डबा घेऊन खाली उतरला. गाडीवर बसला, तशी स्प्रिंग त्याच्या वजनाने जरा बसली. किक मारली. इंजिन चालू ठेवून तो थांबला.

का थांबला, हे एका क्षणाने त्याच्या लक्षात आलं. मुंगीला रोज उशीर व्हायचा. इंजिन चालू झाल्याशिवाय तिला चपलेचा पट्टा लावायचं सुचायचं नाही. बापाने गाडीवर बसून कुरकुरायचं आणि तिने जिन्यावरून "आले, आले" म्हणत यायचं. शरीराला लागलेली सवय, तिला कोण सांगणार? त्याने स्वतःला दटावलं आणि गियरवर पाय ठेवला.

तेवढ्यात गाडी किंचित डावीकडे कलली. मग सरळ झाली आणि मागून खाली बसली.

कोणी डाव्या पायदानावर पाय देऊन चढतं आणि सीटवर बसतं, तेव्हा होतं ते हे. आयुष्यात हजारो वेळा ते त्याला पाठमोरं बसूनच कळलेलं होतं. मान न वळवता, विचार न करता.

त्याने मान वळवली. सीट रिकामी होती. सकाळचं ऊन तिच्यावर पडलं होतं, एक शिवण उसवली होती, बाकी काही नाही.

टर्नर हा मोजमापाचा माणूस. रबर नवं आहे, जागेवर बसतंय, असं त्याने मनाशी ठरवलं. नाहीतर आपणच पाय बदलला असेल. तो निघाला. पहिल्याच गतिरोधकावर गाडी दबली, ती दोन माणसांनी दबते तशी. जड, सावकाश, पोटातून. एकटा माणूस घेऊन जाणारी गाडी अशी चालत नाही. ती मागून उडते. ही उडाली नाही.

चष्म्याचं दुकान नुकतंच उघडत होतं. त्याला तिथे थांबायचं नव्हतं. पण वेग कमी झाला, गाडी कडेला आली, त्याचा पाय जमिनीला लागला. आणि मागची स्प्रिंग हलकेच वर आली.

त्याने मागे पाहिलं नाही. दुकानातली दुसरी मुलगी काच पुसत होती. तिने त्याला ओळखलं आणि फडकं हातात धरून नुसती मान हलवली. त्यानेही मान हलवली.

पुढचा रस्ता गाडी हलकी चालली. त्या दिवशी लेथवर त्याच्या हातून माप चुकलं, आणि शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, "काय टर्नर, आज हात कुठे आणि डोकं कुठे?"

३

शॉक जिथून आणले तो दुकानदार बोलघेवडा. समोर ऑइलचे डबे मांडून दिवसभर त्याचं राज्य चालायचं. टर्नरने गाडी त्याच्यासमोर उभी केली.

"मागून बसते."

"कोण बसते?"

टर्नरने सीटवर हात ठेवला. "गाडी. गाडी मागून खाली बसते."

दुकानदाराने सीटवर दोन्ही तळवे ठेवून दणका दिला. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. त्याने पुन्हा दिला. मग स्वतः बसला, ढुंगणाने उड्या मारल्या, उतरला.

"लेकरासारखी खेळतेय. शॉकला काही झालेलं नाही. झालं असेल तर तुम्हाला झालंय. एक चक्कर मारून या, मी मागून बघतो."

टर्नर गेला, कोपऱ्यावरून वळून आला. गाडी हलकी होती, उडत होती. दुकानदाराने दोन्ही हात पसरले, झालं समाधान, अशा अर्थाने. टर्नरचंही झालं. चार दिवस त्याने तेच धरून ठेवलं. मागे वजन जाणवलं की म्हणायचा, रबर, रबर.

पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी दुकानदाराने त्याला रस्त्यात गाठलं. तो आपल्या स्कूटरवरून टर्नरच्या मागोमाग येत होता, सिग्नलला बाजूला येऊन थांबला.

"अहो, तुम्ही बरोबर म्हणत होता. मी आत्ता मागून बघितलं. एकट्या माणसाला एवढी दबायला नको. चाक मडगार्डला लागायला आलंय की!" मग त्याने वाकून रिकाम्या सीटकडे बघितलं, मग टर्नरकडे, आणि त्याचं नेहमीचं हसू मध्येच कुठेतरी अडकलं. "कडी एक खाच वर घ्या," तो घाईने म्हणाला. सिग्नल सुटायच्या आधीच त्याने स्कूटर दुसऱ्या रस्त्याला वळवली.

संध्याकाळी टर्नरने दोन्ही कड्या कडक करून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करून तो थांबला. गाडी जेमतेम हलली. कलली की नाही, बसली की नाही, काही समजेना. जुने शॉक कडक खाचेतही दबायचे; ही नवी स्प्रिंग तेवढ्या वजनाला दादच देत नव्हती. चष्म्याच्या दुकानापर्यंत तो कान पाठीत घालून गेला. तिथे थांबला, तेव्हाही काही कळलं नाही. कारखान्याच्या फाटकात शिरताना त्याला उमगलं की आपण घाबरलेलो नाही. आपल्याला चुटपुट लागलीय.

घरी येऊन त्याने हुक पाना काढला आणि कड्या होत्या तिथे, सगळ्यात मऊ खाचेत, परत आणल्या.

४

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्याला नंतर नीट सांगता आलं नसतं. ते वाईट दिवस नव्हते, एवढं खरं. सकाळी तो लवकर आवरायचा. दाढी रोज करायला लागला. इंजिन चालू करून थांबायचा, गाडी डावीकडे कलायची, बसायची, आणि मग तो गियर टाकायचा. वाटेत बोलायचा. मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात. आज कारखान्यात काय होणार आहे, आईचे गुडघे कसे दुखताहेत, गॅलरीतल्या कुंडीत काय उगवलंय. उत्तर कधी आलं नाही. स्पर्श नाही, श्वास नाही. फक्त वजन. तेवढं त्याला पुष्कळ होतं.

बाईला त्याने काही सांगितलं नाही. तिला धक्का बसेल, असं कारण त्याने स्वतःला दिलं होतं.

मग एका सकाळी चष्म्याच्या दुकानाशी तो थांबला आणि स्प्रिंग वर आली नाही. कारण ती आधीच वर होती. मागची सीट हलकी होऊन बराच वेळ झाला होता आणि बोलण्याच्या नादात ते त्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गप्प बसून, लक्ष देऊन निघाला. कॉलेजच्या फाटकासमोर मुलांचा घोळका रस्ता ओलांडत होता, म्हणून ब्रेक लावला. आणि तिथे, त्या घोळक्यात, स्प्रिंग वर आली.

दुकान नाही, कॉलेज. असेल, असेल, असं म्हणत तो पुढे गेला. पण कारखान्यात सबंध दिवस त्याच्या मनात काहीतरी कुरतडत राहिलं, आणि ते काय आहे हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

कॉलेजही फार दिवस टिकलं नाही. एकदा शाळेच्या मागच्या भिंतीशी गाडी हलकी झाली. दुसऱ्या आठवड्यात पुढच्या फाटकाशी, जिथे लहान वर्ग भरायचे. आता कलणं जाणवायचंच नाही. बसणं जाणवायचं, पण मांजराने उडी मारून बसावं तेवढं. त्याने टायरमधली हवा कमी केली. सीट सोडून पुढे टाकीला चिकटून बसून पाहिलं, म्हणजे आपलं वजन मागे कमी पडेल आणि तिचं कळेल. जे जे माणूस करू शकतो ते सगळं केलं.

शाळेच्या लहान फाटकाशी तो पाय टेकून उभा होता. एक बाप सायकलवरून आपल्या पोरीला उतरवत होता. दप्तर तिच्या पाठीवर चढवताना ती मागच्या मागे लवंडायला आली आणि दोघं हसली. टर्नरने ते बघितलं, आणि इतके दिवस जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर त्याच्यासमोर उभं राहिलं.

मुंगी परत आली नव्हती. ती परत चालली होती. आली त्याच वाटेने, उलटी, एकेक फाटक मागे टाकत.

पुढचं फाटक बालवाडीचं. त्याच्यापुढे घर.

५

त्या संध्याकाळी त्याने गाडीवर कापड टाकलं आणि किल्ली वर खिळ्याला अडकवली. रस्त्यावर न्यायचीच नाही, मग ती कुठे उतरेल? मग ती आहे तेवढीच राहील. हा हिशेब त्याला पक्का वाटला. कारखान्यात तो चालत जायला लागला. घरी येईपर्यंत पाय भरून यायचे.

"गाडीला काय झालं?" बाईने विचारलं.

"शॉक बदलावे लागतील परत."

"नवे आहेत की."

"खराब निघाले."

गणिताच्या बाईंना उत्तर चुकलेलं दिसलं की त्या जशा नुसत्या बघत राहतात, तशी ती बघत राहिली.

सुटीच्या दिवशी दुपारी दोघं घरात होती. ती वह्या तपासत होती, तो आरामखुर्चीत पडला होता. खिडकीतून ऊन फरशीवर आलेलं. रस्त्यावर सामसूम. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला.

एकदाच. छोटासा. पीं.

बाईची लेखणी थांबली. "आपला हॉर्न आहे हा."

"दुसऱ्या कोणाचा असेल."

"इतकी वर्षं ऐकतेय. मला कळत नाही का?"

टर्नरने खिळ्याकडे बघितलं. किल्ली जागेवर होती. पुन्हा हॉर्न वाजला. मग लागोपाठ. पीं, पीं, पीं. कुणाला तरी तो आवाज आपल्या हाताने येतो याचं फार कौतुक वाटत असावं, तसा. मग थांबला.

टर्नर कठडा धरून जिना उतरला. बाई पुढे होती. खालच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या दोन सायकली आणि त्यांची गाडी, बाकी कोणी नाही. गाडीवरचं कापड कडेकडेने सरळ लोंबत होतं. फक्त पुढे, टाकीच्या वर, ते वर उचललं गेलं होतं. फार नाही. एखादी मोठी पिशवी आत ठेवावी एवढंच. आणि हँडलच्या दोन्ही मुठींशी, कापडाखाली, दोन लहान उंचवटे होते.

दोघं जागच्या जागी उभी राहिली. मग ते कापड, हवा निघून जावी तसं, सावकाश खाली बसलं. उंचवटे राहिले नाहीत.

बाईने पुढे होऊन कापड ओढलं. गाडी होती तशी होती. तिने टाकीवर तळवा ठेवला आणि झटकन उचलला.

"काय?" त्याने विचारलं.

"ओलं आहे." तिने बोटं एकमेकांवर घासली. "लाळ आहे, अहो."

टर्नर जिन्याच्या पायरीवर मटकन बसला आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या सोमवारपासून. चष्म्याचं दुकान, कॉलेज, शाळा. मऊ खाच, कमी केलेली हवा. बोलताना तो जमिनीकडे बघत होता. ती रडेल, किंवा त्याला डॉक्टरकडे नेईल, अशी त्याची समजूत होती.

"म्हणजे इतके दिवस," बाई अगदी हळू म्हणाली, "तुम्ही एकटेच तिला फिरवत होता?"

त्याने वर पाहिलं. तिचा चेहरा रागाने पांढरा पडला होता.

"मी वरून रोज बघायचे. तुम्ही दाढी करून, भांग पाडून निघायचात. मला वाटायचं, माणूस सावरतोय. मला बरं वाटायचं हो! आणि माझी पोर तुमच्या मागे बसून जात होती, आणि मी गॅलरीत फडकी वाळत घालत होते."

"तुला त्रास होईल म्हणून—"

"त्रास? तिचं एवढंसंही वजन माझ्या वाटणीला येऊ दिलं नाही तुम्ही."

ती टाकीपाशी उभी होती, ओली बोटं मुठीत धरून.

"आता नेणार नाही," तो शेवटी म्हणाला. "नेली की ती आणखी लहान होते. म्हणून तर बंद केली."

"बंद केली तेव्हा ती कुठल्या फाटकाशी उतरत होती?"

"शाळेच्या. लहान फाटक."

"आणि आज टाकीवर बसून हॉर्न वाजवतेय." तिने श्वास घेतला. "तुम्ही गाडी बांधून ठेवलीत, अहो. तिला नाही. ती जातेच आहे. फक्त अंधारात, कापडाखाली, एकटी."

६

पुढच्या सुटीच्या सकाळी बाईने स्वतःच किल्ली काढली. आदल्या आठवड्यात हॉर्न दोनदा वाजला होता, नंतर वाजला नव्हता. एकदा तिने टाकीवर कान ठेवला होता. काय ऐकलं, ते तिने सांगितलं नाही.

तिने मऊ सुती शाल अंगावर घेतली होती. उकाडा होता, तरी.

टर्नर गाडीवर बसला. स्प्रिंग त्याच्या वजनाने बसली. किक मारली, थांबला. काही नाही. आणखी थांबला. इंजिन एका लयीत चालू होतं.

"नाही आली," तो म्हणाला. मनात कुठेतरी त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याबद्दल त्याला स्वतःची शरम वाटली.

बाई वाकली, टाकीवरून काहीतरी उचलावं तसे तिने दोन्ही हात खाली नेले आणि छातीशी आणले. एक हात खाली, एक कोपर दुमडून. शाल वरून ओढून घेतली. मग मागच्या सीटवर, त्या सीटवर, ती एका बाजूने सांभाळून बसली. गाडी बसली. एकट्या बाईच्या वजनाने बसावी तेवढीच. निदान त्याला तरी फरक कळला नाही.

"कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. रोजच्या सरळ रस्त्याला नाही, त्याच्या उलट दिशेला. तो त्या दिशेला निघाला आणि पहिल्याच वळणावर भलतीकडे वळला. बाजाराला वळसा घातला. पुलावरून पलीकडे गेला आणि परत आला. तिने एकदाही टोकलं नाही. तो खड्डे चुकवत होता, गतिरोधकावर गाडी अशी घेत होता की पाण्याचा भरलेला पेला ठेवला असता तर सांडला नसता. नवे शॉक आपलं काम चोख करत होते. मागून मधूनमधून बारीक गुणगुणणं ऐकू येत होतं. बाईचं. निदान आधी तरी फक्त बाईचं. एकदा लाल दिव्याशी इंजिनाचा आवाज कमी झाला, तेव्हा त्यात दुसरा एक सूर होता, झोपेला आलेल्या बाळाचा असतो तसा, तोंड मिटून काढलेला. त्याने आरसा बघितला नाही. बघायचं धाडस त्याला झालं नाही. त्याची खंत त्याला जन्मभर राहिली.

"अहो," ती म्हणाली, "आता जाऊ या. हाताला जड लागेनाशी झालीय."

मुंगी जिथे जन्मली त्या प्रसूतिगृहाची इमारत अजून होती तशीच होती. बाहेर रंग नवा दिला होता. फाटकाशी पहारेकरी कोणा फळवाल्यावर खेकसत होता, गाडा इथे लावू नको, तिथे लाव, कितीदा सांगायचं. टर्नरने कडेला थांबून इंजिन बंद केलं. बाई उतरली आणि फाटकाकडे चालत गेली.

पहारेकरी वळला. तिला बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं, आणि त्याचा चढलेला आवाज एकदम खाली आला. पाळण्याशेजारी बोलतात, तेवढा खाली.

"कोणाला भेटायचंय?"

"कोणाला नाही," बाई म्हणाली. "सोडायला आलोय."

त्याने फाटकाची कडी आवाज होऊ न देता उघडली.

टर्नर गाडीपाशी उभा राहिला. फळवाला गाडा ढकलत निघून गेला. एक म्हातारी डबा घेऊन आत शिरली, एक तरुण बाप फोनवर कोणाला तरी ओरडून बातमी सांगत बाहेर आला. ऊन सीटवर चढलं.

बऱ्याच वेळाने बाई आली. शाल तिच्या खांद्यावर नव्हती. ती कुठे ठेवली, त्याने विचारलं नाही. तिचे दोन्ही हात दोन्ही बाजूंना सरळ लोंबत होते, आणि चालताना तिला त्यांचं काय करायचं ते कळत नसल्यासारखं दिसत होतं.

ती मागे बसली. मग तिने पुढे होऊन दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घातले, लग्नानंतर गाडी नवी होती तेव्हा घालायची तसे, आणि कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं. त्याचा सदरा भिजत गेला.

"चला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जाताना टर्नरने इंजिन चालू केलं, थांबला नाही, गियर टाकला आणि निघाला. पहिल्याच गतिरोधकावर गाडी मागून उडाली.